टेक्सासचे साडेआठ टक्के

ऑस्टिन : टेक्सासचे विधिमंडळ दोन वर्षांतून एकदाच, विषम वर्षी भरते आणि नियमित अधिवेशन जास्तीत जास्त १४० दिवस चालते. राज्यातल्या सरकारी शाळांत शिकणाऱ्या सुमारे ५५ लाख मुलांच्या वाट्याला किती पैसा येणार, हे तेवढ्या दिवसांत ठरते. विशेष शिक्षणाची गरज असलेल्या मुलांना सर्वांत खोल घाव बसला तो मात्र कुठल्या विधेयकामुळे नव्हे, तर शिक्षण खात्याच्या एका गुणतक्त्यामुळे.

२००३ साली राज्याच्या तिजोरीत तूट होती आणि शाळांच्या खर्चाला कात्री लागली होती. पुढच्याच वर्षी राज्याच्या शिक्षण खात्याने, म्हणजे टेक्सास एज्युकेशन एजन्सीने, देखरेखीच्या निकषांत एक आकडा घातला : ८.५ टक्के. विशेष शिक्षण घेणारी मुले याहून जास्त असली, की त्या स्कूल डिस्ट्रिक्टचे, म्हणजे स्थानिक शाळांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे, गुण घसरत आणि वरून चौकशीचा ससेमिरा लागे. त्या सुमारास हे प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास होते. २०१५-१६ पर्यंत ते बरोबर साडेआठवर येऊन टेकले, तेव्हा देशाची सरासरी तेराच्या घरात होती. मुले बरी झाली नव्हती, ती मोजायची थांबली होती. स्वमग्न किंवा डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची तपासणी करा म्हणणाऱ्या पालकांना आधी जादा तासिका सुचवल्या जात, मग कमी हक्क देणारी दुसरी एखादी योजना पुढे केली जाई. तोवर मूल एक-दोन इयत्ता पुढे गेलेले असे, आणि वाचनातली ती वर्षे परत मिळत नाहीत.

२०१६ मध्ये ‘ह्यूस्टन क्रॉनिकल’चे बातमीदार ब्रायन रोझेन्थाल यांनी हे उजेडात आणले. २०१७ मध्ये विधिमंडळाने अशा मर्यादेवर कायद्याने बंदी घातली आणि जानेवारी २०१८ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने टेक्सासने कायदा मोडल्याचा निष्कर्ष जाहीर केला. झाकण उघडताच संख्या वाढली. आज राज्यात सात लाखांहून जास्त मुले विशेष शिक्षण घेतात.

मोडला गेलेला कायदा होता १९७५चा, राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या सहीचा. प्रत्येक दिव्यांग मुलाला त्याच्या गरजेनुसार मोफत शिक्षण मिळालेच पाहिजे, असे तो सांगतो. यासाठी दर विद्यार्थ्यामागच्या सरासरी राष्ट्रीय खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा केंद्र उचलेल, असे तेव्हा ठरले. तो वाटा एकदाही पूर्ण मिळालेला नाही. अलीकडे तो १५ टक्क्यांच्याही खाली आहे. हक्क वॉशिंग्टनने दिला आणि बिल राज्यांकडे व गावांकडे गेले.

गावांकडे म्हणजे घरपट्टीकडे, जिच्यावर तिथल्या शाळा बऱ्याच अंशी चालतात. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को-प्लेनो भागात घर शोधणारे मराठी कुटुंब आधी स्कूल डिस्ट्रिक्ट बघते, त्यामागे हेही कारण आहे. सॅन अँटोनिओमधल्या एजवूडच्या पालकांनी १९६८ मध्येच या पद्धतीला न्यायालयात आव्हान दिले होते. एजवूडमध्ये शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर होता, तरी त्यातून दर मुलामागे २६ डॉलर जमत. शेजारच्या श्रीमंत अलामो हाइट्समध्ये ८५ सेंट कर लावून ३३३ डॉलर जमत. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी पालकांचे म्हणणे फेटाळले. पुढे राज्याच्या न्यायालयांतून लढा चालू राहिला आणि १९९३ पासून श्रीमंत डिस्ट्रिक्टांचा काही कर काढून राज्याच्या शिक्षणनिधीत घेतला जाऊ लागला.

विशेष शिक्षणाच्या अनुदानात आणखी एक खोट होती. मुलाला काय लागते यापेक्षा ते कुठल्या प्रकारच्या वर्गात बसते, यावर पैसे ठरत. सर्वसाधारण वर्गात राहूनही ज्याला सोबत मदतनीस, वाचा-उपचार आणि वेगळे साहित्य लागते, त्याचा खर्च मग शाळेने दुसरीकडून भागवायचा. २०२५च्या ‘एचबी २’ या कायद्याने हे सूत्र बदलून गरजेशी जोडले आणि पहिल्या पूर्ण तपासणीमागे शाळेला हजार डॉलर देऊ केले. हा बदल वीस वर्षे आधी व्हायला हवा होता.

त्याच अधिवेशनात गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी खासगी शाळांच्या शुल्कासाठी एक अब्ज डॉलरची व्हाउचर योजनाही मंजूर करून घेतली. ती २०२६-२७च्या शालेय वर्षापासून लागू होते. दिव्यांग मुलाला तीत वर्षाला ३० हजार डॉलरपर्यंत मिळू शकतात. रक्कम मोठी आहे, आणि सरकारी शाळेत वर्षानुवर्षे हेलपाटे घातलेल्या आईबापांना ती खुणावणारच. पण खासगी शाळेने मुलाला प्रवेश दिलाच पाहिजे असे बंधन नाही, आणि १९७५च्या कायद्याने शाळेवर टाकलेली जबाबदारी तिथे मुलामागोमाग जात नाही. शिवाय त्या मोठ्या रकमेसाठी मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे आयईपी, हातात असावा लागतो. त्यासाठीची तपासणी सरकारी शाळांच्याच तज्ज्ञांनी करायची, पालकांच्या संमतीपासून ४५ शालेय दिवसांच्या आत; आणि अनेक डिस्ट्रिक्टांत या तज्ज्ञांच्या जागा भरायला माणसे मिळत नाहीत.