गावाचे सांडपाणी आणि नदी
लेखांक पाचवा : सत्तावीस पट पाणी

गेल्या लेखांकात आपण शुद्धीकरण केंद्रातील वायुवीजनाच्या टाकीपर्यंत आलो होतो. त्या टाकीतील तपकिरी पाणी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात भरून ठेवले असता अर्ध्या तासाच्या आत जिवाणूंचे पुंजके तळाशी बसतात आणि वर नितळ पाणी उरते. हे ज्याने पाहिले, त्याला ते पाणी आता बेलाशक नदीत सोडावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नितळपणा हा शुद्धतेचा दाखला नव्हे. पाण्यात उरलेले सेंद्रिय द्रव्य फस्त करताना जिवाणू नदीतला प्राणवायू घेतात, आणि 20 अंश सेल्सियस उष्णतामानात पाच दिवसांत दर लिटरमागे तो किती मिलिग्रॅम खर्ची पडतो, यावरून पाण्याची प्रत ठरते. प्रयोगशाळेत बीओडी म्हणतात ते हेच माप.

इंग्लंडात 1898 साली नेमलेल्या शाही आयोगाने 1912 च्या आपल्या आठव्या अहवालात, नदीत सोडावयाच्या पाण्याची बीओडी 20 पेक्षा अधिक नसावी, असे सुचविले. पण त्याचबरोबर नदीचे निदान आठ पट पाणी त्यात मिसळले पाहिजे, हेही बजावले. स्वच्छ नदीची बीओडी 2 धरली, तर अशा मिश्रणाची 4 होते, आणि त्यापलीकडे नदी नासते, असा तो हिशेब होता. आपण आकडा घेतला, पुढे तो सैल करून सर्वसाधारण मानकात 30 केला. अट मात्र दफ्तरातच राहिली.

बारमाही पावसाच्या मुलखात ती अट निभावते. आपल्याकडे कृष्णाकाठच्या वाईसारख्या गावाच्या वरच्या अंगाला धोमचे धरण आहे, आणि चैत्र-वैशाखात नदीला पाणी मिळायचे ते वरून सुटेल तेवढेच. आता 30 हजार वस्तीचे एखादे गाव घ्या. माणशी 135 लिटर पाणी आणि त्याचे शेकडा 80 सांडपाणी धरले, तर रोजचे 32 लाख 40 हजार लिटर होते. ते 30 बीओडीपर्यंत शुद्ध करून सोडले आणि स्नानाच्या पाण्यासाठी ठरलेली 3 ची मर्यादा पाळावयाची म्हटली, तर त्यात 2 बीओडीचे सत्तावीस पट पाणी मिसळावे लागेल, म्हणजे नदी रात्रंदिवस सुमारे 36 क्युसेकने वाहती हवी. दोन आवर्तनांच्या मधल्या दिवसांत, जेव्हा घाटाच्या पायऱ्यांशी शेवाळ धरते आणि डोहातले मासे पहाटे तोंड वर काढू लागतात, तेव्हा हे पाणी कोठून आणावयाचे?

हीच बीओडी 10 वर आणली, तर सात पट पाणी, म्हणजे जेमतेम 9 क्युसेक पुरतात. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की उथळ नदीकाठच्या लहान गावाला मोठ्या शहराहून कडक मानक लावले पाहिजे, सौम्य नव्हे. आणि एवढा खर्च नगरपालिकेला झेपत नसेल, तर मार्गशीर्षापासून मृगापर्यंत ते पाणी नदीत सोडूच नये. तळ्यात साठवून उसाला अथवा वनीकरणाला द्यावे. कच्च्या खाण्याच्या भाजीपाल्याला मात्र ते कदापि देऊ नये, कारण जंतांची अंडी मातीत फार काळ टिकतात. तळ्यासाठी जमीन आणि उपशासाठी वीज, या दोहोंची तजवीज केंद्राच्या मूळ अंदाजपत्रकातच हवी. मागाहून मागितलेली रक्कम क्वचितच मंजूर होते.

शुद्धीकरणात तळाशी बसलेल्या गाळाचे काय करावयाचे, याचा विचार पुढील लेखांकी करू.