गुंठ्याच्या मापाने उपग्रहाचे चित्र

म्हसावदच्या बाजारात कोणालाही विचारा, गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद. मीटरच्या हिशेबात दहा गुणिले दहा. उपग्रहाची गोष्ट आम्ही याच मापाने सांगणार आहोत. आमची शाळा लवकर सुटली. दुसरे माप आमच्या अंगवळणी पडलेले नाही.

उपग्रहाचे चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. जमिनीच्या एका चौकोनावरून जेवढा प्रकाश परततो त्याची सरासरी एका ठिपक्यात येते. त्या चौकोनाच्या पोटात काय आहे, ते चित्राला ठाऊक नसते. १९८८ साली आपला आयआरएस-१ए उडाला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका साडेबाहत्तर मीटरचा, म्हणजे बावन्न गुंठ्यांचा! २००३ च्या रिसोर्ससॅट-१ वरील लिस-३ कॅमेऱ्याचा साडेपाच गुंठ्यांचा. मे २००५ मध्ये कार्टोसॅट-१ गेला. त्याचे सोळा ठिपके एका गुंठ्यात बसतात.

हा हिशेब आम्हाला शिकावा लागला तो वनहक्काच्या दाव्यांमुळे. २००६ च्या कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचे दाखवावे लागते. वरच्या पाड्यावरील एका म्हातारीच्या दाव्यावर शेरा आला, ‘चित्रात जंगल दिसते.’ तिचे शेत बारा गुंठ्यांचे, मध्ये तीन मोहाची झाडे. मोह कोणी तोडतो काय? साडेपाच गुंठ्यांच्या ठिपक्यात मोहाची सावली आणि ज्वारीचे ताट एकच होऊन जाते.

महिनाही विचारावा. पावसाळ्यात, पीक उभे असताना, वर ढग. ऑक्टोबरात पीक आणि रान दोन्ही हिरवे. या चित्रांत हिरवे बहुधा तांबडे रंगवतात, तेव्हा सगळेच तांबडे. मात्र जानेवारीचे चित्र शेजारी ठेवले, की कापणी झालेला तुकडा करडा पडतो आणि साग अजून पानांवर असतो. शेत तिथे उघडे पडते. उन्हाळ्यात साग झडला, की पुन्हा सगळे सारखेच.

सप्टेंबर २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट म्हटले आहे, की उपग्रहाचे चित्र इतर पुराव्याला पूरक आहे, त्याची जागा घेणारे नाही. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, बांधबंदिस्ती, झोपडी हेही पुरावेच. चित्राशी आमचे भांडण नाही. चांगल्या ठिपक्याचे असेल तर ते गरिबाचाच साक्षीदार होते.

म्हातारीचा दावा पुन्हा घातला तेव्हा आम्ही दोन महिन्यांची दोन चित्रे जोडली. पोरे मोबाइल हातात धरून बांधाबांधाने चालली. म्हातारी पुढे होती आणि कोपऱ्यावरचा प्रत्येक दगड पायाने दाखवीत होती.