चक्रीय अर्थव्यवस्था आणि मुलुंडचा कचऱ्याचा डोंगर

घरातला कचरा गाडीत पडला की आपण म्हणतो, "गेला एकदाचा!" पण तो जातो कुठे? मुलुंडकरांना हे वेगळं सांगावं लागत नाही. पूर्व द्रुतगती महामार्गाजवळ, हरिओम नगरच्या शेजारी, सुमारे २४ हेक्टर जागेवर १९६७ पासून कचरा टाकला जात होता. २०१८ मध्ये ते डम्पिंग ग्राउंड बंद झालं, तेव्हा तिथे सुमारे ७० लाख टन कचरा साचलेला होता. म्हणजे कचरा कुठेही 'गेला' नव्हता. तो फक्त आपल्या घरातून दुसऱ्याच्या खिडकीखाली सरकला होता.

रेषीय आणि चक्रीय : फरक काय?

जमिनीतून कच्चा माल काढा, वस्तू बनवा, वापरा आणि फेका. या सरळ रेषेत चालणाऱ्या व्यवहाराला रेषीय अर्थव्यवस्था म्हणतात. तिचं शेवटचं टोक म्हणजे डम्पिंग ग्राउंड.

चक्रीय अर्थव्यवस्थेत हे शेवटचं टोक वळवून पुन्हा सुरुवातीला जोडलेलं असतं. त्यात दोन चक्रं असतात. पहिलं निसर्गाचं : भाजीची देठं, सालं, उरलेलं अन्न यांचं खत किंवा बायोगॅस होतो आणि खत मातीत परत जातं. दुसरं वस्तूंचं : वस्तू दुरुस्त करायची, दुसऱ्याला वापरायला द्यायची आणि अगदीच निकामी झाली तर तिच्यातला धातू, कागद किंवा काच कारखान्यात परत पाठवायची.

हे काही आपल्याला अगदी नवीन नाही बरं का! जुने कपडे घेऊन स्टीलचं भांडं देणारी बोहारीण, रद्दीवाला, भंगारवाला, कोपऱ्यावर चप्पल शिवून देणारे काका हे सगळे याच चक्राचे आरे आहेत.

मुंबईतलंच एक उदाहरण

तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या भाभा अणु संशोधन केंद्राने ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि खत बनवणारं 'निसर्गऋण' हे तंत्रज्ञान विकसित केलं. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ मध्ये 'परिसर विकास' हा प्रकल्प सुरू केला. त्यात कचरा वेचणाऱ्या महिलांना कचरा वेगळा करण्याचं, खत तयार करण्याचं आणि बायोगॅस प्रकल्प चालवण्याचं प्रशिक्षण मिळालं. डम्पिंगवर धुरात वाकून कचरा उपसणं वेगळं आणि प्रशिक्षित कामगार म्हणून काम करणं वेगळं. चक्र नीट फिरलं तर पर्यावरणाबरोबर माणसांचंही भलं होतं ते असं.

पर्यावरणाला फायदे

१. ऊर्जेची बचत : बॉक्साइटपासून नवं अॅल्युमिनियम बनवण्याच्या तुलनेत जुनं वितळवून वापरलं तर सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते.

२. हवा स्वच्छ राहते : ओला कचरा ढिगाऱ्याखाली हवेविना कुजला की मिथेन तयार होतो. हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट जास्त उष्णता अडवतो आणि पेटही घेतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनार डम्पिंगला लागलेल्या आगीच्या धुरामुळे परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

३. पाणी आणि माती वाचते : ढिगाऱ्यातून झिरपणारं काळं पाणी जमिनीत आणि खाडीत मिसळत नाही.

४. झाडं, खनिजं, तेल यांचा उपसा कमी होतो.

चक्र अडतं कुठे?

केळ्याची साल आणि वर्तमानपत्र एकाच डब्यात टाकून बघा. कागद भिजतो, त्याला रद्दीचा भाव येत नाही. सालीला प्लॅस्टिक चिकटलं की तिचं खत चांगलं होत नाही. दोन्ही उपयोगी गोष्टी एकत्र आल्या आणि कचरा झाल्या! मुलुंडला नंतर बायोमायनिंग हाती घेतलं गेलं, म्हणजे जुना कचरा उकरायचा, सुकवायचा, मोठ्या चाळण्यांमधून चाळायचा आणि माती, दगड, प्लॅस्टिक वेगळं करायचं. जे काम घरात दोन डब्यांनी झालं असतं, तेच यंत्रं लावून, कोट्यवधी रुपये खर्चून, अनेक वर्षांनी करावं लागलं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पुनर्चक्रीकरण हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. वेफर्सच्या चकचकीत पाकिटात प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते सुटे करणं अवघड, म्हणून भंगारवालाही ते घेत नाही. त्यामुळे क्रम असा : आधी नको असलेलं घेणं टाळा, मग कमी वापरा, पुन्हा वापरा, दुरुस्त करा आणि शेवटी पुनर्चक्रीकरणाला द्या.

तुमच्यासाठी उपक्रम

आठवडाभर घरातल्या कचऱ्याची नोंद ठेवा. वहीत तीन रकाने करा : 'मातीत जाईल', 'भंगारवाला घेईल' आणि 'कोणीच घेणार नाही'. तिसऱ्या रकान्यातल्या कोणत्या वस्तू आपण विकत घेणंच बंद करू शकतो, यावर घरी चर्चा करा आणि यादी वर्गात आणा. तिसरा रकाना जितका छोटा, तितका पुढचा डोंगर छोटा.