माळवद पाडलं, लाकूडही गेलं

बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारकडच्या जुन्या गावठाणांत अजून एखादं माळवद दिसतं. दगडी उथळ्यावर खांब, खांबावर तुळई, वर नाट नि फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. खांबाचं बूड जमिनीत पुरायचं नाही, दगडावर ठेवायचं, म्हणजे ओल आणि वाळवी लांब राहते. घर केवढं, ते खणांवरून, म्हणजे खांबांमधल्या जागांवरून सांगायचं.

1993 साली या लाकडाचे दिवस फिरले. 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या, छपराची माती अंगावर आली. बऱ्याच घरांत भिंती पडूनही लाकडी सांगाडा मात्र उभा होता. पण माळवदाची धास्ती बसली ती बसलीच. 52 गावं नव्या जागी वसली, ती सिमेंटची. त्याच वर्षी जंगलं वाचवायची म्हणून केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या कामांत लाकूड वापरायला बंदी घातली. ती उठायला 2020 उजाडलं. तोवर कॉलेजची इमारत म्हणजे आरसीसी, हे ठरून गेलं होतं. सुतारांना खिडक्यासुद्धा उरल्या नाहीत, त्या ॲल्युमिनियमच्या झाल्या.

इकडे हे चाललं असताना ऑस्ट्रिया-जर्मनीत फळ्यांचे थर आडवे-उभे चिकटवून अख्ख्या भिंती आणि स्लॅब बनू लागले. अशा लाकडाची सहा मजली ‘गाया’ ही इमारत सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठाने 2023 मध्ये बिझनेस स्कूलसाठी खुली केली. आराखडा जपानचे तोयो इतो यांचा. आगीचं काय, हे सगळेच विचारतात. जाड लाकूड बाहेरून कोळसतं आणि तो कोळसाच गाभ्याला काही काळ सांभाळतो. शिवाय वजन कमी, म्हणून भूकंपाचा हिसकाही कमी.

लाकडी इमारतीत शिकणं आपल्याला नवं नाही. 1821 मध्ये पुण्याची संस्कृत पाठशाळा सुरू झाली ती विश्रामबाग वाड्यात, सागवानी खांबांच्या सावलीत. 1879 च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला, पण वाडा आहे.

बीडसारख्या उजाड जिल्ह्यात लाकूड आणायचं कुठून, हा प्रश्न मला आगीहून मोठा वाटतो. ‘गाया’चं लाकूड युरोपातून आलं. तसं जहाजाने मागवून त्याला पर्यावरणपूरक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बांधावरचा साग, बाभूळ, कडुनिंब विकताना शेतकऱ्याला परवानगीसाठी खेटे घालावे लागले नाहीत, तर तो झाडं लावील आणि राखीलही. तोवर अख्खी इमारत राहू द्या. तालुक्यातल्या एखाद्या कॉलेजने वाचनालयाचं छत तेवढं लाकडात करून बघावं.