पर्जन्यवृक्षाची सावली

यवतमाळ जिल्ह्यातील मे महिन्याची दुपार डोळ्यांसमोर आणा. पारा ४४-४५ अंशांच्या घरात गेलेला असतो. कपाशी निघून गेलेल्या शेतांत काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या असतात. अशा वेळी बैलबंडी सोडलेली असते ती धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली, नाही तर मोहाखाली. पण रस्त्याच्या कडेला किंवा एखाद्या जुन्या आवारात प्रचंड छत्रीसारखा पसरलेला आणखी एक वृक्ष तुम्ही पाहिला असेल. लोक त्याला ‘रेनट्री’ म्हणतात. मराठीत तो पर्जन्यवृक्ष किंवा विलायती शिरीष होय.

हा पाहुणा कोठला?

नावावरूनच कळते की हा आपल्याकडचा नव्हे. मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग हे त्याचे मूळ घर. व्हेनेझुएलातील ‘यानोस’ नावाच्या गवताळ मैदानांत काही महिने धो धो पाऊस आणि उरलेले महिने कोरडे असतात. आपल्या हवामानाशी हे बरेच जुळते. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात भारतात आणलेले हे झाड येथे सहज रुजले. मोठे झाल्यावर ते कोरडा उन्हाळा सोसते.

त्याचा पसारा केवढा असतो? १८०० साली जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हंबोल्ट यांनी व्हेनेझुएलात असा एक वृक्ष पाहिला. त्याच्या माथ्याचा घेर ५७६ फूट, म्हणजे सुमारे १७५ मीटर भरला! आता परिघावरून व्यास काढा पाहू. जवळजवळ ५६ मीटर येतो.

पाऊस कोठून येतो?

या झाडातून पाणी झरते अशी समजूत होती. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड स्प्रूस यांनी पेरू देशात अशाच एका ‘पाऊस पाडणाऱ्या’ झाडाखाली निरभ्र आकाश असताना अंगावर थेंब पडताना अनुभवले. त्यांनी वर निरखून पाहिले, तेव्हा कोवळ्या फांद्यांवर सिकाडा नावाचे कीटक रस शोषत होते आणि नको असलेले पाणी बाहेर टाकत होते. पाऊस झाडाचा नव्हता, किड्यांचा होता!

नावाचे दुसरेही एक कारण सांगतात. आभाळ भरून आले की याची पाने मिटतात. सायंकाळीही ती मिटतात. मलाया भागात तर याला ‘पाच वाजल्याचे झाड’ अशा अर्थाचे नाव आहे. प्रत्येक पर्णिकेच्या तळाशी एक फुगीर सांधा असतो. त्याच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियमचे आयन बाहेर पडले की त्यांच्यामागोमाग पाणीही जाते. त्या पेशी सैल पडतात, समोरच्या बाजूच्या फुगतात आणि पान मिटते. विशेष म्हणजे, झाडाची फांदी सतत अंधारात ठेवली तरी ही उघडझाप काही काळ चालूच राहते. म्हणजे झाडाच्या अंगात जणू घड्याळच आहे.

पाने मिटल्यामुळे रात्रीचे दव आणि पावसाचे पाणी सरळ जमिनीवर पोहोचते. हे झाड शेंगावर्गीय असल्याने त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतील जिवाणू हवेतील नत्र बांधून ठेवतात. म्हणून याच्या सावलीतले गवत बहुधा हिरवेगार दिसते.

उपयोग काय?

पहिला उपयोग अर्थातच सावलीचा. पाने ऊन अडवतात, शिवाय पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ सोडून भोवतालची उष्णता घेतात. पत्र्याच्या छपराखाली आणि झाडाखाली बसण्यात फरक पडतो तो यामुळे. उन्हाळ्यात चारा आटतो, तेव्हा याच्या काळ्या, गोड गराच्या शेंगा गुरे आवडीने खातात. थायलंडमध्ये या झाडावर लाखेचे किडे वाढवतात. लाकडाचे कोरीव वाडगे व तबके बनवतात.

मग सगळीकडे हेच लावावे का?

थांबा. याच्या फांद्या वादळात मोडतात. म्हणून घराच्या भिंतीजवळ किंवा विजेच्या तारांखाली हे झाड नको. शेतात लावले तर एवढ्या सावलीत कपाशी वाढणार नाही. आणखी एक धोका मुंबईने दाखवला. तेथे २०१० नंतरच्या दशकात शेकडो पर्जन्यवृक्ष वाळून गेले. त्यांच्यावर पिठ्या ढेकूण मोठ्या प्रमाणावर आढळला. त्याच कुळातील किडी कापूस पिकवणाऱ्यांच्याही परिचयाच्या आहेत. एकाच जातीच्या झाडांची रांग लावली की एक कीड सारी रांग संपवू शकते. वाढलेला वृक्ष गेला की त्याची सावली परत मिळायला पंचवीस-तीस वर्षे लागतात.

म्हणून मोकळ्या मैदानाच्या कडेला पर्जन्यवृक्ष एखादाच असावा आणि त्याच्या जोडीला आपले कडुनिंब, चिंच, करंज, मोह असावेत. जुना पर्जन्यवृक्ष असेल तर तो जपा. त्याच्या बुंध्याभोवती काँक्रीट ओतू देऊ नका.

हे करून पाहा

शाळेजवळ पर्जन्यवृक्ष असेल तर आठवडाभर पाने मिटण्याची वेळ वहीत नोंदवा. ढगाळ दिवशी ती बदलते का ते पाहा. नंतर दुपारी दोन वाजता एक तापमापक उन्हातील जमिनीवर आणि दुसरा सावलीतील जमिनीवर ठेवा. पाच मिनिटांनी दोन्ही वाचा. तोच प्रयोग कडुनिंबाखाली करा. आपल्या गावाला कोणती सावली हवी, हे मग तुमचे आकडेच सांगतील.