मुक्या मारावर मालिश नको

कबड्डीत पकड करताना समोरच्याचा गुडघा मांडीवर जोरात बसतो. रक्त येत नाही, कातडी फाटत नाही. पोरगा लंगडत घरी येतो आणि घरातले म्हणतात, "मुका मारच आहे, तेल चोळले की उतरेल." मग आई तेल गरम करते, शेजारचे काका जोर लावून रगडतात. सगळे मायेने होते. पण दुखणे त्यानेच वाढू शकते.

आम्ही हाडांच्या ओपीडीत काम करत होतो, तेव्हा सतरा वर्षांचा एक खेळाडू आला. तीन आठवडे रोज मालिश झाली होती. मांडीत टणक गाठ, आणि गुडघा अर्धासुद्धा वाकत नव्हता. एक्स-रेमध्ये मांडीच्या स्नायूत पांढरी सावली दिसली. आईने विचारले, "सिस्टर, मांसात हाड कसे उगवेल?"

उगवते, बायांनो. जोराचा मार लागला की आतला स्नायू चिरडतो, रक्त साकळते. शरीर लगेच दुरुस्तीला लागते. काही जणांमध्ये दुरुस्तीच्या पेशी स्नायूऐवजी हाड तयार करू लागतात. डॉक्टर याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. मांडीचा पुढचा भाग आणि कोपराच्या वरचा दंड या दोन जागी ते जास्त दिसते. पूर्वी घोडेस्वार सैनिकांच्या मांडीत आतल्या बाजूला असे हाड होई, म्हणून त्याला 'रायडर्स बोन' असे नावच पडले. ताज्या जखमेवर चोळले, ओढले किंवा त्याच जागी पुन्हा मार लागला, तर हा धोका वाढतो. कोपर निखळल्यावर ओढून बसवून रोज मालिश केलेली मुलेही आम्ही पाहिली; त्यांचा हात सरळ होत नव्हता.

मार लागल्यावर काय करावे?

• खेळ लगेच थांबवा. "एवढी चढाई करून येतो" नको.
• बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटे ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. पहिले दोन-तीन दिवस शेक, गरम तेल, मालिश काहीच नको.
• इलॅस्टिक पट्टी बांधा, फार आवळू नका. पाय उशीवर ठेवा. मांडीला मार असेल तर पहिला दिवस गुडघा सोसेल तितका वाकवून ठेवा.
• नंतर हालचाल स्वतःच्या ताकदीने, दुखणार नाही इतकीच. दुसऱ्याने जोर लावून पाय वाकवू नये.

मांडी दगडासारखी ताठ झाली, दुखणे वाढतच गेले, पाय बधिर पडला तर सकाळची वाट पाहू नका; त्याच रात्री दवाखाना गाठा.

दोन-तीन आठवड्यांनी दुखणे कमी होण्याऐवजी गाठ टणक झाली, सांधा आखडला, तर एक्स-रे काढा. सुरुवातीच्या एक्स-रेत हे हाड दिसत नाही. साधारण तीन-चार आठवड्यांनी दिसू लागते. म्हणून "पहिला फोटो चांगला होता" यावर थांबू नका. मार कधी लागला ते डॉक्टरांना नीट सांगा. याच वयात हाडाच्या कॅन्सरचीही गाठ येऊ शकते, आणि दोन्हींतला फरक डॉक्टरांनीच ठरवायचा असतो.

हाड झाले म्हणजे आयुष्य संपले असे नाही. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. विश्रांती, डॉक्टरांची औषधे आणि हळूहळू व्यायाम यांनी दुखणे ओसरते, कित्येकदा गाठही लहान होते. सांधा अडलेलाच राहिला तर ऑपरेशन करतात, पण हाड पक्के झाल्यावर, म्हणजे सहा महिने ते वर्षाने. कच्चे असताना काढले तर पुन्हा वाढू शकते.

त्या मुलाची मालिश त्याच दिवशी बंद केली. गुडघा पुरता वाकायला कित्येक महिने लागले, पण वाकला. मधला सगळा हंगाम मात्र गेला. आपल्या मंडळाचा सामना असेल त्या दिवशी पाण्याच्या पिंपाशेजारी बर्फाचा डबाही ठेवा. तेलाची बाटली घरीच राहू द्या.