टेकडीवरून उतरणारा रस्ता

१८ जून १८१५ रोजी वॉटर्लू येथे झालेल्या लढाईत एका बुटक्या, लांबट टेकाडाला फार महत्त्व आले होते. वेलिंग्टनने आपले बरेचसे सैन्य या टेकाडाच्या मागच्या उतारावर उभे केले होते, त्यामुळे समोरच्या फ्रेंच तोफांना ते दिसत नव्हते. ब्रुसेल्सहून शार्लरवाकडे जाणारा हमरस्ता हे टेकाड ओलांडून खाली उतरतो. (पुढे १८२६ मध्ये पूर्ण झालेल्या स्मारकाच्या उंचवट्यासाठी याच भागातील माती काढली गेली, त्यामुळे मूळचा उतार आज पाहायला मिळत नाही. जुने नकाशेच पाहावे लागतात.)

ही लढाई अजूनही खेळली जाते, पण टेबलावर. दोन-तीन सेंटिमीटर उंचीचे रंगवलेले सैनिक, फासे आणि मोजपट्टी घेऊन प्रौढ माणसे तासन्‌तास लढत असतात. प्रथा जुनी आहे. प्रशियाच्या राजासाठी राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ मध्ये असे एक टेबलच बनवले होते. त्यावर भूभागाचे चौकोनी तुकडे हवे तसे मांडता येत. विज्ञानकथांमुळे आपल्याला परिचित असलेल्या एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे या खेळाच्या नियमांचे पुस्तक लिहिले.

आम्ही संशोधनाच्या निमित्ताने इंग्लंडात असताना एका शेजाऱ्यांनी आम्हाला असा खेळ पाहायला नेले. लढाईत आमचे लक्ष फारसे लागले नाही, पण रस्त्याने मात्र आम्हाला खिळवून ठेवले. आदल्या खेपेस त्यांनी जाड पुठ्ठ्यावर प्लास्टर लावून रस्ता केला होता. तो टेकडीवर ठेवताच सी-सॉसारखा डुगडुगे, त्यावरचे सैनिक घरंगळत आणि उताराआड कोण लपले आहे यावरून वाद होत. वॉटर्लूसारख्या लढाईत हा वाद म्हणजे खेळच संपला! यावेळचा रस्ता चिखलाचा, खडीचा, चाकोऱ्या उमटलेला दिसत होता, पण टेकडीवर तो चादरीसारखा पसरला होता. उचलून गुंडाळी केली तरी त्याला तडा गेला नाही. विचारले तेव्हा कळले, की खिडकीच्या चौकटीच्या फटी बुजवण्यासाठी नळीत मिळणारे ॲक्रिलिक सीलंट, वाळू आणि थोडा रंग एकत्र कालवून ते कॅनव्हासवर फासले होते. बस्स, एवढेच.

एवढेच खरे, पण प्लास्टर तडकते आणि हे तडकत नाही, असे का?

प्रथम थोडी भूमिती पाहू. एखादी पट्टी वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. पट्टीची जाडी २ मिलिमीटर आणि वळणाची त्रिज्या २० मिलिमीटर असेल, तर बाहेरचा थर जाडी भागिले दुप्पट त्रिज्या, म्हणजे ५ टक्के लांबतो. खाली न ताणले जाणारे कापड चिकटलेले असेल तर सगळे ताणणे वरच्या थराच्याच वाट्याला येते आणि हा आकडा १० टक्क्यांच्या जवळ जातो. प्लास्टर म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या जिप्समच्या सुईसारख्या स्फटिकांचे जाळे. ते हजारात साधारण एक भागच ताणले जाऊ शकते. या हिशेबाने २ मिलिमीटरचा प्लास्टरचा थर १ मीटर त्रिज्येपेक्षा अधिक वाकवला की तडकणार. दिवाळीत मुले करतात त्या किल्ल्याच्या उतारावरची माती सुकताच भेगाळते, तीही याच जातीची. तिला वाकवावेही लागत नाही, पाणी गेल्यावर होणारे आकसणेच पुरेसे असते.

आता रेणूंकडे वळू. ॲक्रिलिक हे बहुवारिक, म्हणजे हजारो लहान रेणूंची लांब साखळी. पण सगळी ॲक्रिलिके सारखी नसतात. पारदर्शक पत्रे ज्याचे करतात ते पॉलिमिथिल मेथाक्रिलेट सुमारे १०५ अंश सेल्सियसच्या खाली काचेसारखे कडक असते. पॉलिब्युटिल ॲक्रिलेट मात्र उणे ५४ अंशांपर्यंत मऊ राहते. या सीमेला काच-संक्रमण तापमान म्हणतात. तिच्या खाली साखळ्या जागच्या जागी गोठलेल्या असतात, वर त्या वळवळू शकतात आणि ताण आला की सरळ होतात. दोन्ही एकवारिके मिसळून एकच साखळी केली तर सीमा मध्ये कुठेतरी येते. ती कुठे, याचा अंदाज काढण्याची सोपी रीत आहे: दोन्ही तापमाने केल्विनमध्ये घेऊन त्यांचे व्यस्तांक वजनाच्या प्रमाणात मिळवायचे. निम्मे-निम्मे घेतले तर उत्तर ४ अंशांच्या आसपास येते; ब्युटिल ॲक्रिलेट ८० टक्के घेतले तर उणे ३४. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित जरूर करून पाहावे. सीलंटला थंडीतही खिडकीच्या चौकटीबरोबर ताणायचे-आकसायचे असते, म्हणून त्यातले बहुवारिक मऊ बाजूचेच निवडतात. सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदातील शुद्ध पॉलिव्हिनिल ॲसिटेटची सीमा मात्र ३० अंशांच्या आसपास आहे. म्हणजे त्याचा रस्ता नागपूरच्या मे महिन्यात वाकेल आणि डिसेंबरात मोडेल!

नळीतला पदार्थ पांढरा असतो, कारण तो पायस आहे: पाण्यात तरंगणारे बहुवारिकाचे मायक्रॉनहून लहान कण आणि त्यांबरोबर खडूची पूड. पाणी उडून जाते तसे कण दाटीने जवळ येतात, चेपले जातात, त्यांच्या साखळ्या एकमेकींत शिरतात आणि सलग पडदा तयार होतो. कणांवरून प्रकाश विखुरणे कमी झाल्याने रंगही गडद होतो. ओल्या मिश्रणाचा रंग पाहून फसू नये. पाण्याला आतून बाहेर यायचे असल्याने सुकण्याचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली तर चौपट थांबावे लागते.

भारतात परतल्यावर आम्ही स्वतः प्रयोग केला आणि पहिला रस्ता साफ फसला. खडबडीतपणा चांगला दिसतो म्हणून वाळू ओततच राहिलो. सुकल्यावर पट्टी वाकवताच तिला भेगा पडल्या आणि टेबलभर वाळू झाली. कारण उघड होते, पण आम्हाला ते उशिरा सुचले. वाळूचे कण ताणले जात नाहीत. लांबीचा चार-पंचमांश भाग कणांनी व्यापला असेल तर उरलेल्या एक-पंचमांशाला पाचपट ताणावे लागते. शिवाय कणांमधील पोकळी भरण्याइतके बहुवारिकच नसेल तर मग भेगा तयारच असतात. ही पोकळी मोजता येते. मोजपात्रात १०० मिलिलिटर कोरडी वाळू घेऊन तिच्या पृष्ठभागापर्यंत पाणी येईस्तोवर ओतावे. ३५ ते ४० मिलिलिटर पाणी लागते. सीलंटमधले पाणी उडून जाणार आहे हे धरून त्याहून बरेच अधिक सीलंट घ्यावे लागते. आम्ही शेवटी दोन वाट्या सीलंटला एक वाटी वाळू या प्रमाणावर आलो. अधिक खडबड हवी असेल तर ओल्या थरावर वरून वाळू भुरभुरावी.

आणखी दोन-तीन गोष्टी. सीलंट सिलिकोनचे घेऊ नये (त्यातल्या बऱ्याच प्रकारांना व्हिनेगरसारखा वास येतो). त्याची पृष्ठऊर्जा इतकी कमी असते की पाण्यातला रंग त्यावर थेंब-थेंब होऊन निसटतो. तेलाचा एनॅमल रंगही नको. तो हवेतला ऑक्सिजन घेत महिनोन्‌महिने कडक होत जातो आणि मऊ थरावर तडकतो. मातकट ॲक्रिलिक रंग मिश्रणातच घातला तर ओरखडा पडला तरी आतून पांढरे डोकावत नाही. कॅनव्हास नसल्यास जाड मांजरपाट चालतो, पण तो फळीवर चारी बाजूंनी खिळवून घ्यावा, नाहीतर आकसणारा थर त्याची पन्हळ करून टाकतो. पन्हळ झालेला रस्ता पुन्हा सपाट होत नाही. आमच्याकडे एक अजून आहे. चाकोऱ्या ओल्या थरात खेळण्यातल्या गाडीचे चाक फिरवून काढाव्यात. ठेवताना १० सेंटिमीटर व्यासाच्या नळीवर गुंडाळावे, म्हणजे ताण चार टक्क्यांच्या आतच राहतो. आणि वर टाल्कम पावडर फिरवावी, कारण मऊ साखळ्या शेजारच्या थरालाही चिकटू पाहतात.

वर्गात करायचे झाल्यास चार पट्ट्या कराव्यात: निव्वळ सीलंटची, अर्धी वाटी वाळू घातलेली, दोन वाट्या वाळू घातलेली आणि चौथी सीलंटऐवजी पांढऱ्या गोंदाची. आठवडाभर सुकू द्याव्यात. मग प्रथम जाड नळीवर, नंतर खडूवर, शेवटी पेन्सिलीवर वाकवून कोणती कुठे तडकते ते मुलांनीच नोंदवावे. पहिली आणि चौथी पट्टी रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून बाहेर काढताक्षणी पुन्हा वाकवावी. उशीर करू नये. पातळ पट्टी लवकरच खोलीच्या तापमानाला येते.